बिनतारी शेजारधर्म

दमणगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांस पावसाळा म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी सह्याद्रीचे पाणी गोळा करीत मधुबनच्या धरणात येते, आणि तेथून सिल्वासा व वापी यांच्या कडेने जाऊन दमणला समुद्रास मिळते. डोंगरात रात्री कोसळलेला पाऊस सकाळी खालच्या गावांच्या दारात उभा असतो. ऑगस्ट २००४ मधील महापूर ज्यांनी पाहिला, ते तो विसरणे शक्य नाही. अशा वेळी संकटांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम वीज जाते. मग मोरीवरून पाणी वाहू लागते आणि रस्ता बंद होतो. शेवटी, ज्याच्यावर आपण हल्ली सर्वस्वी विसंबून राहू लागलो आहो, तो खिशातला मोबाइलही मुका होतो.

तो का मुका होतो, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. आपला मोबाइल हा स्वतः फार दूर बोलत नाही. तो जवळच्या मनोऱ्याशी बोलतो, आणि पुढचा सारा प्रवास तो मनोरा घडवून आणतो. त्या मनोऱ्यास वीज लागते. वीज गेली की त्याची बॅटरी काही तास चालते. पुढे जनित्र असेल तर त्यास डिझेल लागते, आणि डिझेल आणावयाचे तर रस्ता लागतो. शिवाय एक मनोरा दुसऱ्याशी अनेकदा जमिनीखालून नेलेल्या काचतंतूंनी जोडलेला असतो. दरड कोसळून ते तंतू तुटले, की मनोरा उभा असूनही निरुपयोगी होतो. आणि हे सारे शाबूत राहिले तरी, संकटकाळी एकाच घटकेस हजारो माणसे आपापल्या आप्तांना हाका मारू लागली म्हणजे ती वाट तुंबून जाते. शंभर माणसांची पायवाट लाख माणसांस कशी पुरावी?

मग अशा प्रसंगी निरोप कोणी न्यावा? पलीकडच्या पाड्यावर बाळंतीण अडली आहे, अमुक ओढ्याकाठची माणसे झाडावर चढून बसली आहेत, धरणातून पाणी सोडणार आहेत, हे वेळेवर कोणी कोणास सांगावे? या प्रश्नाचे एक उत्तर जगात शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. त्याचे नाव हौशी रेडिओ. त्याची ओळख आपल्या कुटुंबांस व्हावी, आणि शक्य झाल्यास प्रत्येक गावातील एखाद्या तरुणाने अथवा तरुणीने ती विद्या रीतसर शिकावी, यासाठी हा लेखप्रपंच आहे.

सिल्वासाहून निघालेले यंत्र

बिनतारी संदेशाचे सामर्थ्य काय असते, याचा एक बोलका दाखला आपल्याच भूमीने दिलेला आहे. आणि तो आपल्या मुलांस बहुधा ठाऊक नसतो.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा, २८ जुलै रोजी नरोली व २ ऑगस्ट रोजी सिल्वासा, या क्रमाने आपला प्रदेश पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, हे आपण दर वर्षी मुक्तिदिनी ऐकतो. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स व आझाद गोमंतक दल यांचे कार्यकर्ते, महाराष्ट्रातून आलेले स्वयंसेवक आणि येथील आदिवासी बांधव या सर्वांचा त्यात वाटा होता. त्या वेळी पोर्तुगीजांचे जे साहित्य मुक्तिसैनिकांच्या हाती लागले, त्यात बिनतारी संचही होते. जिंकलेल्या बंदुकांची कथा सर्वजण सांगतात; या संचांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

गोवा अद्याप परकीय सत्तेखाली होता. तेथील वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते, आणि सत्तेला न मानवणारी बातमी लोकांपर्यंत पोहोचत नसे. तेव्हा नगर हवेलीत हाती आलेल्या संचांत फेरफार करून त्यांचे ध्वनिक्षेपणाचे यंत्र बनविण्यात आले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नावाने त्यावरून कार्यक्रम सुरू झाले. ते कोंकणी व पोर्तुगीज या भाषांतून होत असत. हे गुप्त केंद्र चालविणाऱ्यांत प्रमुख होते वामन सरदेसाई व लिबिया लोबो. सरदेसाई हे हिंदू घरातले. लिबियाबाई गोमंतकातील कॅथलिक घराण्यातल्या. आरंभी आंबोलीच्या जंगलातून आणि पुढे कॅसल रॉकजवळच्या रानातून हे ध्वनिक्षेपण होत असे. दाट झाडी, जळवा, सर्प आणि सह्याद्रीचा मुसळधार पाऊस यांच्या संगतीत त्यांनी थोडीथोडकी नव्हे, तर सहा वर्षे काढली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ही दोघे विमानातून गोव्यावर फिरली आणि ध्वनिवर्धकावरून त्यांनी ती वार्ता आपल्या लोकांस सांगितली. पुढे त्यांचा विवाह झाला. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर, पद्मश्री जाहीर झाली.

याच काळातील दुसरी एक घटना येथे आठवते. दमणहून दादरा व नगर हवेली येथे जावयाचे तर मध्ये काही मैल भारताची भूमी लागे. ती वाट भारताने बंद केली, म्हणून पोर्तुगाल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० रोजी त्या खटल्याचा निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांपुरता जाण्यायेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याविरुद्ध वर्तन केलेले नाही, असे न्यायालयाने ठरविले. काही मैलांच्या वाटेसाठी दोन राष्ट्रे जगाच्या न्यायासनापुढे वर्षानुवर्षे भांडत होती. आणि त्याच वेळी सिल्वासाच्या बाजूचे ते संच सह्याद्रीच्या रानात बसून कोणत्याही नाक्यावर न थांबता पणजीच्या घराघरांत बोलत होते.

गोव्याचे ते केंद्र म्हणजे हौशी रेडिओ नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तो स्वातंत्र्यलढ्यातील गुप्त प्रचार होता. परंतु दोन गोष्टी त्यावरून आपणास शिकता येतात. संच लहान असला, तरी तो हाताळणारी माणसे जाणती व चिकाटीची असली की त्याचा आवाज दूर जातो. आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी तो आवाज दररोज ऐकू आला, तरच लोक त्याच्याकडे कान लावून बसतात. संकटकाळच्या रेडिओस हेच दोन्ही नियम लागू पडतात.

हौशी म्हणजे कोण?

हौशी या शब्दाने कोणी फसू नये. नाटकात हौशी नट म्हणजे जो पैशासाठी काम करीत नाही तो. तसेच येथेही आहे. स्वतःच्या आवडीने बिनतारी विद्या शिकून, सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन जो जगभरच्या तशाच परवानाधारकांशी बोलतो, तो हौशी रेडिओवाला. त्यास इंग्रजीत प्रेमाने ‘हॅम’ असेही म्हणतात. या कामाचा मोबदला त्यास घेता येत नाही. व्यापाराचे निरोप पाठविता येत नाहीत. गाणी लावता येत नाहीत, भाषणे देता येत नाहीत, सांकेतिक गुप्त भाषा वापरता येत नाही. जे बोलावयाचे, ते साऱ्या जगाने ऐकले तरी चालेल असेच असावे लागते.

भारतात या छंदाचा उगम १९२१ सालापासून मानतात. त्या वर्षी अमरेंद्रचंद्र गुप्तू यांस परवाना मिळाला. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक होते. बिनतारी लहरींवर आरंभीचे मूलभूत प्रयोग करणारे जगदीशचंद्र बोस हे तर कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों या बेल्जियन येशूसंघीयांचे विद्यार्थी. आणि आपणा कॅथलिकांस विशेष जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे, पोलंडमधील संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना जगभरचे अनेक हौशी रेडिओवाले आपले आश्रयदाते संत मानतात. आपल्या मठात त्यांनी रेडिओ केंद्र उभारले होते. आउश्विट्झच्या छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याऐवजी स्वतः मरण पत्करून १४ ऑगस्ट १९४१ रोजी ते निजधामास गेले, आणि १० ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस संतपद दिले.

परवाना मिळविणे हे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीयास ही परीक्षा देता येते. ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातर्फे घेतली जाते. वीज व रेडिओ यांची प्राथमिक माहिती आणि वापराचे नियम, हा तिचा मुख्य अभ्यास. श्रेणी दोन आहेत. वरच्या श्रेणीसाठी मोर्स पद्धतीचे टिंब-रेघांचे संदेश ऐकता व पाठविता यावे लागतात. खालच्या श्रेणीस त्याची गरज नाही. उत्तीर्ण होणाऱ्यास स्वतःचे असे एक ओळखनाम मिळते. वरच्या श्रेणीचे नाव बहुधा ‘व्ही.यू. २’ने व खालच्या श्रेणीचे ‘व्ही.यू. ३’ने सुरू होते, आणि पुढे काही अक्षरे असतात. जगात तेच ओळखनाम दुसऱ्या कोणाचेही नसते.

लहरींची चाल

आता हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. मोबाइलला मनोरा लागतो, तसा हौशी रेडिओस मध्यस्थ लागलाच पाहिजे असे नाही. या संचातून निघालेली लहर थेट त्या संचात जाते. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, एक संच आणि एक तार एवढ्यावर काम भागते. आणि बॅटरी उतरली तर सूर्यप्रकाशावर चालणारी एखादी फळी ती पुन्हा भरून देते.

लहरींचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. पहिला प्रकार अतिउच्च कंपनांचा. हौशी लोकांस यात १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ एवढा पट्टा दिलेला आहे. या लहरी साधारणपणे दिव्याच्या झोतासारख्या सरळ जातात. हातात मावणारा संच त्यांस पुरतो. पण मध्ये डोंगर आला की त्या अडतात. म्हणून उंच टेकडीवर एक पुनःक्षेपक ठेवतात. तो खालून आलेला दुबळा आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी जोराने पलीकडे पाठवितो. डोंगरमाथ्यावर उभा राहून दोन्ही खोऱ्यांतील माणसांचे निरोप एकमेकांस ओरडून सांगणाऱ्या गुराख्यासारखे त्याचे काम असते.

दुसरा प्रकार लघुलहरींचा. या लहरी आकाशात उंच जातात, आणि तेथे सूर्यकिरणांमुळे विद्युत्‌भारित झालेल्या हवेच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा, तसा हा प्रकार होय. त्यामुळे त्या समुद्र व खंड ओलांडतात. याच लहरी, विशेषतः ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, जवळजवळ सरळ वर सोडल्या, तर त्या कारंज्याच्या पाण्यासारख्या चहूकडे शेपन्नास मैलांत खाली पडतात. आपल्यासारख्या डोंगराळ मुलखात याचे मोल फार मोठे आहे. कारण मध्ये असलेला डोंगर त्यांस ओलांडावाच लागत नाही, त्या त्याच्या डोक्यावरून येतात. खानवेलपलीकडील एखाद्या दरीत दोन ताडांच्या मध्ये सुमारे वीस मीटर तार फार उंच न बांधता ताणली, तर दिवसा तेथून सिल्वासाशी व मुंबईशीही बोलता येण्याजोगे असते. रात्री त्या आकाशथराची स्थिती बदलते, आणि मग कंपनसंख्या बदलून घ्यावी लागते. केव्हा कोणती लहर वापरावी, हे सरावानेच कळते. कोळ्यास जशी भरती-ओहोटी, तसे हे ज्ञान रेडिओवाल्याच्या अंगी मुरावे लागते.

पोर्ट ब्लेअरची ती सकाळ

डिसेंबर २००४. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेले होते. त्या बेटांवरून हौशी ध्वनिक्षेपणास बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती, म्हणून जगभरचे रेडिओवाले त्यांच्याशी दोन शब्द बोलावयास उत्सुक होते. तीन आठवडे हा आनंदसोहळा चालला. २६ डिसेंबरच्या पहाटे, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, जमीन हादरली. मागोमाग समुद्र चालून आला. दूरध्वनी बंद पडले. बेटांचा मुख्य भूमीशी असलेला संबंध जवळजवळ तुटला.

भारतीबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता छंदाचे केंद्र संकटाचे केंद्र केले. जे संच आदल्या दिवशी जगाशी गप्पा मारीत होते, तेच आता प्रशासनाचे निरोप व हरवलेल्या माणसांची नावे पोहोचवू लागले. आपली मुलगी, आपला भाऊ, आपला जावई जिवंत आहे की नाही या चिंतेने मुख्य भूमीवर तळमळणाऱ्या कुटुंबांस, सुखरूप असल्याचा निरोप अनेकदा प्रथम याच मार्गाने मिळाला. पथकातील काहीजण पुढे कार निकोबारलाही गेले. तेथील हानी तर फारच भयंकर होती.

या प्रसंगाचे मर्म कोठे आहे, ते पाहावे. संच तेथे योगायोगाने होते, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. परंतु ते हाताळणारी माणसे वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेली होती, यात योगायोग काहीच नव्हता. त्सुनामी आल्यावर कोणी पुस्तक उघडून शिकावयास बसले नाही.

अशी उदाहरणे इतरही आहेत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाले संच घेऊन भुजला पोहोचले. जुलै २०२४च्या अखेरीस केरळमध्ये वायनाडच्या डोंगरात दरडी कोसळून गावेच्या गावे गाडली गेली. त्या वेळी कल्पेट्टा येथील जिल्हाधिकारी कार्यालयात हौशी रेडिओचे केंद्र उघडून मदतपथकांचे निरोप पोहोचविण्यात आले. आणि मोठे संकट नसतानाही ही मंडळी स्वस्थ बसत नाहीत. बंगालमध्ये गंगासागरच्या यात्रेत चुकलेल्या म्हाताऱ्या माणसांची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देण्याचे काम पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे सभासद करीत आले आहेत. बांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेत ज्यांचे मूल घटकाभर हरवले असेल, त्यांस या सेवेची किंमत सांगावयास नको.

ऐकण्याची मर्यादा

येथे एका दुसऱ्या यंत्राविषयी सावधगिरीचे चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. स्कॅनर नावाचा एक ग्राहकसंच असतो. तो स्वतः बोलत नाही. एकामागून एक लहरी चाळीत जातो आणि जेथे बोलणे सापडेल तेथे थांबतो. अमेरिकेत पुष्कळ घरी असे संच असतात, आणि आगीचा बंब कोठे निघाला, वादळ कोठवर आले, हे लोक त्यावरून ऐकतात. तेथील कायद्याने त्यास बऱ्याच अंशी मुभा आहे. त्याची वर्णने वाचून आपल्याकडील तरुणांसही तसा संच मागविण्याचा मोह होतो.

परंतु आपल्या देशाचा कायदा निराळा आहे. पोलीस, सैन्य, विमाने अथवा सरकारी खाती यांचे आपसांतील बोलणे चोरून ऐकण्याचा अधिकार येथे नागरिकास नाही. २०२३च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे असे संदेश बेकायदा पकडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व जबर दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय बोलण्याचे संच बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. बाजारात व मोबाइलवरच्या दुकानांत स्वस्त वॉकी-टॉकी मिळतात. त्यांतील कित्येक भारतात वापरण्यास मान्यता नसलेले असतात. अशा विक्रीस आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये नवे नियम जाहीर केले आहेत. परवान्याशिवाय वापरता येतील असे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यातील, अल्प शक्तीचे व सरकारमान्य असावे लागतात. मोकळ्या मैदानात ते मैल-दोन मैल बोलतात, डोंगरात त्याहून कमी. गावच्या मिरवणुकीस अथवा शाळेच्या सहलीस ते ठीक आहेत. महापुरात त्यांच्यावर सारी भिस्त ठेवू नये.

मग सामान्य कुटुंबाने काहीच ऐकू नये काय? असे नाही. बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ प्रत्येक घरी असावाच. आकाशवाणीच्या बातम्या व हवामानाचे इशारे मोबाइल बंद पडल्यावरही त्यावर मिळू शकतात. ज्या रेडिओवर लघुलहरी लागतात व एका बाजूची ध्वनिपट्टीही ऐकू येते, त्यावर हौशी मंडळींचे संभाषण ऐकता येते. ते मुळातच सर्वांनी ऐकावे असे असते. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने सहा महिने केवळ ऐकावे. जाणती माणसे किती थोडे बोलतात, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत कशी थांबतात, हे त्यास त्यावरून कळेल.

हाक आणि निरोप

संकटकाळी रेडिओवर सर्वांत मोठा शत्रू असतो तो गोंगाट. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलावे लागते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही ऐकू येत नाही. म्हणून एक सूत्रधार नेमतात. तो एकेका केंद्राचे नाव पुकारतो. ज्याचे नाव घेतले त्याने बोलावे, इतरांनी गप्प राहावे. ज्याच्याकडे जीवनमरणाचा निरोप आहे, त्यास सर्वांनी प्रथम वाट द्यावी.

निरोप कसा असावा, याचेही शास्त्र आहे. “फार पाणी आले, लवकर या हो!” ही हाक झाली, निरोप नव्हे. ती ऐकून कोणी निघावयाचे, कोठे जावयाचे आणि काय न्यावयाचे, हे कळत नाही. त्याऐवजी समजा असे सांगितले: “अमुक गावाहून, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. ओढ्यापलीकडील पाड्यावर अकरा माणसे अडकली आहेत. त्यांत एक बाळंतीण व तिचे तान्हे मूल. दोर व होडी हवी. पाणी वाढत आहे. उत्तरेकडून येऊ नये, मोरी खचली आहे.” एवढ्या शब्दांत सर्व काही आले. ऐकणाऱ्याने ते लिहून घ्यावे आणि जसेच्या तसे परत वाचून दाखवावे. नाव कळले नाही तर अक्षरे फोडून सांगावी. आपण बिगरीत ‘क कमळातला, ग गवतातला’ असे शिकलो. जगभरचे रेडिओवाले तसेच ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ असे म्हणतात.

आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. जे पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून सांगावे. जे ऐकले ते ‘ऐकले’ म्हणून सांगावे. धरण फुटले, अशी आवई पुराच्या रात्री किती वेगाने पसरते आणि किती माणसांस अंधारात घराबाहेर काढते, हे नदीकाठच्या लोकांस माहीत आहे. मोबाइलवर आलेला असला मजकूर कोणी लिहिला, हे शोधूनही सापडत नाही. हौशी रेडिओवर मात्र प्रत्येक वाक्यामागे बोलणाऱ्याचे ओळखनाम उभे असते. जो बोलला तो कोण, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणून त्याचा शब्द सरकारी अधिकारीही मानतात. असत्य साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. पुराच्या रात्री रेडिओसमोर बसलेल्या माणसास ती अक्षरशः पाळावी लागते, कारण त्याच्या एका शब्दावर एखादी होडी चुकीच्या दिशेने निघू शकते.

आपल्या गावांनी काय करावे?

आपल्या प्रदेशाचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर, गावे बहात्तर. त्यांतील दुधनी, मांदोनी, सिंदोनी यांसारखी गावे डोंगरांत व जलाशयाच्या कडेने विखुरलेली आहेत. एवढ्या लहान मुलखात दहा-बारा परवानाधारक तयार झाले, तर पावसाळ्यात कोणतेही खोरे बोलण्याविना राहणार नाही. हे काम एकट्या सरकारचे नाही आणि एकट्या ख्रिस्ती समाजाचेही नाही. वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, जो कोणी शेजारी आहे त्या सर्वांचे ते आहे. पुराचे पाणी कोणाचा धर्म अथवा भाषा विचारीत नाही. निरोप नेणाऱ्यानेही ती विचारू नये.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. ज्या घरी विज्ञानाची आवड असलेला मुलगा अथवा मुलगी असेल, त्या घराने त्यास या सुटीत परीक्षेच्या अभ्यासास लावावे. मुलींनी मागे राहण्याचे कारण नाही. आंबोलीच्या रानातील लिबियाबाई आणि पोर्ट ब्लेअरच्या भारतीबाई यांची उदाहरणे वर आलीच आहेत. शाळांनी दोन-चार मुलांचा गट करावा, आणि मुंबईपुण्याकडील परवानाधारक मंडळींस बोलावून एखादे शिबिर भरवावे. आपली विद्या शिकविण्यास ही मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत. संच विकत घेणे ही शेवटची पायरी ठेवावी. प्रथम ज्ञान, मग परवाना, मग यंत्र. संच महाग वाटला, तर गावाने वर्गणी काढून एक घ्यावा. मात्र तो परवानाधारकाच्याच नावावर व ताब्यात राहावा. परवाना मिळाल्यावर त्या तरुणाने मामलेदार कचेरीत व आपत्ती निवारणाच्या कार्यालयात आपले नाव आधीच नोंदवावे, म्हणजे ऐन वेळी ओळख पटविण्यात वेळ जाणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, सराव. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटांपुरता का होईना, प्रत्येकाने संच लावून हजेरी द्यावी. त्या दिवशी सांगण्यासारखे काही नसेल. “येथे सर्व ठीक आहे” एवढेच सांगावे आणि दुसऱ्याचेही तेवढेच ऐकून घ्यावे. बावन्न आठवड्यांपैकी एकावन्न आठवडे हे काम निरर्थक वाटेल. तरीही ते चालू ठेवावे. कारण बावन्नाव्या आठवड्यात, वीज गेलेली व रस्ता वाहून गेलेला असताना, डोंगरापलीकडच्या पाड्यावरून येणारा आवाज ऐकण्यास त्या ठरलेल्या वेळी कोणीतरी जागे असले पाहिजे.